वासे

तेस्फायेने बूट काढले.
राखणदार म्हणाला, "राहू द्या, हितं चालतंय."
दोन वर्षांत त्याला मराठी आली ती एवढीच:
किती, कुठे, तिखट नको, सिस्टर, भाडं.
'चालतंय' कळतं त्याला.
तरी मोजे गुंडाळून बुटात कोंबले
आणि अनवाणी आत गेला.
मी सँडलसकट उभी. मग मीही काढल्या.
मार्चमध्ये एवढा गार दगड.

वेरूळ, दहा नंबर.
गावातली माणसं म्हणतात, सुतार की झोपडी.
छावणीपासून तासाभराची एस.टी.
बासष्ट वर्षांत मी दोनदा आले:
एकदा शाळेच्या सहलीत, उलटी झाली म्हणून बसमध्येच बसले,
आणि एकदा आज.

वर पाहिलं तर वासे.
दगडाचे. एकाशेजारी एक, वाकवलेले,
योनाने माशाच्या पोटात निजून पाहिल्या असतील
तशा बरगड्या.
कशाला पण?
डोंगर स्वतःच छप्पर आहे,
त्याला वासा लागत नाही, खिळा लागत नाही.
कोणीतरी लाकूड विसरायला तयार नव्हतं.

माझे वडील, शांतवन मिस्त्री,
कानावर पेन्सिल ठेवूनच उपासनेला बसायचे.
पाद्रीसाहेब 'सुताराचा पुत्र' म्हणाले
की आईला कोपराने ढोसायचे,
जणू आमच्याच भावकीतला.
देवळाच्या छपराचे वासे त्यांच्या हातचे.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे,
माझे नाही फिरायचे, असं म्हणायचे.

ब्याऐंशी साली पत्रे आले.
वासे अंगणात पडले, मग वखारीत.
वडिलांनी त्यातला एक किलोवर परत आणला,
चार दिवस कोणाशी बोलले नाहीत
आणि त्याचं पोळपाट केलं.
अजून आहे. तेस्फाये त्यावरच्याच पोळ्या खातो.

"आमच्याकडे, सिस्टर," तो हाताने जमीन दाखवतो,
"देऊळ वर नाही. खाली."
आधी छप्पर, मग खिडक्या, शेवटी उंबरा;
डोंगराच्या पाठीत खणत जायचं.
कडेला उभं राहिलं तर
जमिनीत निजलेला क्रूस दिसतो.
आत उतरलं की दिसत नाही.
"मग काय दिसतं?"
तो शब्द शोधतो.
"भिंत. धूर. आजी."

दिवसा माणसं खोदायची म्हणे, रात्री देवदूत,
आणि देवदूतांचं काम दुप्पट.
राखणदार जवळ सरकला:
"हितं बी तसंच सांगतेत. एका रात्रीत, देवाच्या सुतारानं."
वडील असते तर विचारलं असतं,
मजुरी कोणाच्या नावावर लागली?

समोर तो बसलेला.
मांडी घालून नाही; पाय खाली सोडून,
बाकावर बसतात तसा.
हातांची बोटं एकमेकांजवळ,
सुईत दोरा ओवताना होतात तशी.
मला माझे हात कुठे ठेवावेत कळेना.
जोडले तर कोणापुढे, नाही जोडले तर कशाला आले.
पस्तीस वर्षं वॉर्डात
हातांना सतत काम होतं, म्हणून हा प्रश्न पडला नसेल.
शेवटी पर्स धरून उभी राहिले.

तेस्फाये खांब मोजत निघाला,
लहानपणी आजी मोजायला लावायची तसा.
"काय मोजायलेत ते?" राखणदार.
"प्रेषित," मी म्हटलं.
तो मान हलवून गेला; त्याला काय कळलं देव जाणे.
मोजणी बारावर थांबेना.
तेराव्या खांबापाशी तेस्फाये अडखळला,
माझ्याकडे बघून हसला, पुढे गेला.
एका छिन्नीच्या खुणेवर बोट टेकवून
तेच बोट कपाळाला लावलं.
तेवढ्यात शिट्टी: हात लावू नका.

बाहेर उन्हात नाडी बांधताना त्याने विचारलं,
वरती ते, त्याला काय म्हणतात?
"वासा."
त्याने नाक दाबून दाखवलं. वटवाघळं.
"वास नव्हे रे. वासा."
वासा, वासा, फाट्यापर्यंत घोकत आला.

एस.टी.त बसल्यावर छताकडे बोट: "वासा?"
नाही म्हटलं.
तो पत्रा.